तोतया यंत्राची सनद
२००६ साली अ‍ॅपलने आपले संगणक इंटेलच्या प्रोसेसरवर आणले, तेव्हा ते आणि बाजारातील सामान्य संगणक यांच्यातील मूलभूत भेद जवळजवळ लोपून केवळ ओळखपत्रापुरता उरला, आणि अशा सामान्य संगणकावर मॅक ओएस चालवण्याच्या ‘हॅकिंटॉश’ नामक खटाटोपाने याच फटीत आपला संसार थाटला. मॅक ओएसमधील फाइंडर, डॉक यांसारखे अत्यावश्यक प्रोग्राम कुलूपबंद, त्यांची किल्ली अस्सल मॅक यंत्रातील एका चिमुकल्या चिपमध्ये, आणि पहाऱ्यावरील घटकाचे नावच मुळी ‘मॅक ओएस चोरू नका’ अशा अर्थाचे; चोरापुढे अर्ज गुदरणारा असा कोतवाल विरळाच! हौशी मंडळींनी त्या चिपची हुबेहूब बतावणी करणारा तोतया रचला, संगणक सुरू करून देणाऱ्या बूटलोडरकरवी परक्या यंत्रास खोटी सनद बहाल केली, आणि इतके करूनही ध्वनी किंवा वायफाय यांपैकी एखादे हटकून रुसून बसे. फ्लोरिडातील सायस्टार कंपनीने २००८ मध्ये अशी यंत्रे विक्रीस काढली, तेव्हा मात्र प्रकरण कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात जाऊन पुढील वर्षी निकाल अ‍ॅपलच्या बाजूने लागला. तथापि या हौसेचा खरा काळ ठरला तो २०२० साली अ‍ॅपलने स्वतःच्या प्रोसेसरकडे वळण्याचा घेतलेला निर्णय, कारण तोतयाने ज्याचे सोंग घ्यावे तो इंटेलधारी मॅकच त्यामुळे हळूहळू दप्तरातून खारीज होऊ लागला.