बुडालं तर कोणाचं?

गेल्या महिन्यात बोईसरला उद्योजकतेवर एक व्याख्यान झालं. वक्ते बाहेरचे, आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपला माणूस जोखमीला भितो. पगाराची नोकरी, बँकेतली मुदत ठेव आणि बायकोच्या अंगावरचं सोनं, यापलीकडे त्याची उडी जात नाही. मोठं व्हायचं असेल तर ठेवी मोडा, कर्ज काढा, बाजारात उतरा. चिंचणीची चार पोरं समोर बसून टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या मला झोंबल्या, म्हणून हे लिहितो आहे.

जोखमीला भितो म्हणे! या गृहस्थांनी बोईसरहून रिक्षा करून चिंचणी-वरोरच्या किनाऱ्यावर एकदा यायला हवं होतं. होडी पाण्यात लोटण्याआधी डिझेल, बर्फ, शिधा, जाळ्याची डागडुजी या सगळ्यांचे पैसे गेलेले असतात. इंजिनाचं कर्ज डोक्यावर असतं. व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल तर मासळी त्यालाच घालायची, आणि भाव तोच सांगणार. समुद्र कोणालाच काही कबूल करत नाही. हा माणूस जोखमीला भितो, असं म्हणणाऱ्याने कधी जोखीम पाहिलेलीच नाही. पण होडीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, तिच्याशी कसा वागतो, ते पाहण्यासारखं आहे. खर्च वजा जाता उरलेल्या कमाईचे वाटे पडतात: काही होडीचे, काही जाळ्याचे, काही खलाशांचे. फेरी रिकामी आली तर रिकामेपणाही वाटला जातो, एकाच घराची चूल विझत नाही. वाऱ्याचा रंग बदललेला दिसला की तांडेल माघारी फिरतो आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. कोणती जोखीम घ्यायची, किती घ्यायची आणि कोणाबरोबर वाटून घ्यायची, हे या किनाऱ्याला व्याख्यानाशिवाय कळतं.

तीच गोष्ट आमच्या डायवाल्यांची. दागिन्यांचे साचे पोलादात कोरणारी घरं चिंचणीत आणि आसपासच्या गावांत आहेत. त्या साच्यावर पत्रा ठोकला की नक्षी उठते. पोलादात घाव केसभर चुकला तर तो भरून काढता येत नाही, कित्येक दिवसांची मजुरी गेली. शिवाय फॅशन बदलली की साचा भंगार, आणि आता नक्षी कोरणारी यंत्रंही आली. तरी माणसं बसतात, कोरतात. घोलवड-डहाणूच्या चिकूवाल्याबद्दल एवढंच सांगतो की पावसाळ्यात बुरशीने फळगळ झाली की त्याची वर्षाची बेरीज कोसळते.

‘बाजारात उतरा’ या सल्ल्याला शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचेच आकडे पुरेत. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर 100 वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 तोट्यात गेले, आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर होता. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना वक्त्यांनी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मुदत ठेवीला नावं ठेवणाऱ्यांनी बँक स्वतः काय करते तेही पाहावं. कर्ज देताना ती तारण मागते, दोन जामीनदार मागते, सिबिल तपासते. तिला कोणी भित्री म्हणत नाही, ‘सुज्ञ’ म्हणतात. तोच सुज्ञपणा ठेवीदाराने दाखवला की तो मागासलेला! आणि ठेवीतही जोखीम असतेच. 23 सप्टेंबर 2019 ला पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. धाडस केलं कोणी, आणि रांगेत उभं राहिलं कोण?

हा वाद आमच्याकडे जुना आहे. तारापूरची पहिली दोन अणुभट्टी युनिटं 1969 मध्ये सुरू झाली, तेव्हाही देशासाठी धोका पत्करावा लागतो असं सांगितलं गेलं. वीज मिळाली, हे मी नाकारत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. फायदा ग्रिडमधून लांबवर गेला, उठणं मात्र इथल्यांच्या वाट्याला आलं. आता 76,200 कोटींचं वाढवण बंदर येतं आहे. धाडसाचं कौतुक पुन्हा सुरू झालं आहे, आणि जाळं कुठे टाकायचं हा प्रश्न पुन्हा मच्छीमारालाच विचारावा लागतो आहे.

मग माझं म्हणणं काय? कोणत्याही धंद्यापुढे, कर्जापुढे, गुंतवणुकीपुढे पहिला प्रश्न एकच ठेवा: बुडालं तर कोणाचं? नफा एकाचा आणि बुडीत दुसऱ्याचं असेल, तर ते धाडस नाही, ती लबाडी आहे. जोखीम वाटली गेली की सामान्य माणूसही पुढे पाऊल टाकतो. ठेवींचंच पाहा: 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, त्यानंतर ठेवींना विमा आला. 1962 मध्ये त्याची मर्यादा 1,500 रुपये होती, 4 फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख आहे. पतपेढीतल्या ठेवीला मात्र हे कवच नाही, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आजच सांगा.

जोखीम उचलण्याची ही समज आमच्याकडे जुनीच आहे. चिंचणीतच सापडलेल्या शके 848 च्या ताम्रपटात संजाणचा ताजिक (अरब) अधिकारी मधुमती येतो. त्याच्या कारभारात तिथे प्रवाशांना ओढ्यांवरून फुकट तरीने पार नेण्याची सोय होती. व्यापार वाढवायचा तर वाटेवरचा धोका कोणीतरी उचलावा लागतो, एवढं त्या काळच्या कारभाऱ्यांना कळत होतं.

आजच्या कारभाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. मासेमारीबंदीत 1 जून ते 31 जुलै होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. माझ्या ओळखीच्या एका तांडेलाच्या कर्जाचा हप्ता मात्र जूनमध्येही पडतो आणि जुलैमध्येही. तो हप्ता नारळी पौर्णिमेनंतर घ्या.