सूक्ष्माची विद्या आणि खानदेशचा विद्यार्थी

बारावीचे निकाल लागले की जळगाव-धुळ्याच्या घराघरांतून एकच विचारणा सुरू होते : मुलाने पुढे काय घ्यावे? या विचारणेत अलीकडे 'नॅनोतंत्रज्ञान' हा शब्दही कानी पडतो. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीने तो शेताच्या बांधापर्यंत नेला. त्या खताच्या उपयुक्ततेविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, ही गोष्ट वेगळी. तथापि शब्द परिचयाचा झाला म्हणजे विद्या परिचयाची झाली, असे होत नाही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एकेक नॅनोमीटर बाजूचे तुकडे कल्पिले, तर एकूण पृष्ठफळ सहा हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर भरते! पदार्थ तोच, वर्तन मात्र पालटते. सोन्याचे असे कण पाण्यात तांबडे दिसतात. हे का घडते, याचे उत्तर भौतिकी, रसायन आणि गणित यांच्या संगमावर मिळते.

म्हणूनच पदवीच्या नावात 'नॅनो' असण्याला अवाजवी महत्त्व देऊ नये. १९८१ मध्ये अणूंचे दर्शन घडविणारा सूक्ष्मदर्शक बनविणारे बिनिग व रोरर हे भौतिकीचे अभ्यासक होते. १९८५ मध्ये कार्बनचा साठ अणूंचा रेणू शोधणारे क्रोटो, कर्ल व स्मॉली हे रसायनशास्त्रज्ञ. त्या काळी अशी पदवीच नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मूळ विषयावरील प्रभुत्वाला आजही पर्याय नाही. या क्षेत्रातील संशोधनाचे काम बहुधा पदव्युत्तर शिक्षणानंतरच हाती येते, हेही पालकांनी जाणून असावे.

१९९० मध्ये जळगावी स्थापन झालेल्या, आज बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. जळगावचे मूळजी जेठा, अमळनेरचे प्रताप ही महाविद्यालये आहेत. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राची सोय आहे. भौतिकी किंवा रसायन मुख्य विषय घ्यावा, दुसरा जोडीला ठेवावा आणि गणित सोडू नये. गुणांच्या सोयीसाठी गणित टाकणाऱ्याला पुढची अनेक दारे बंद होतात. पदवीनंतर आयआयटीतील एम. एस्सी.साठी 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा आहे. तिची तयारी पहिल्या वर्षापासूनच सुरू व्हावी.

परंतु सारा उपदेश विद्यार्थ्यालाच करून भागणार नाही. प्राध्यापकांची पदे रिकामी आणि प्रयोग वहीपुरते, अशा स्थितीत ही विद्या रुजणार कशी? महागडी उपकरणे प्रत्येक तालुक्यात नेता येणार नाहीत; परंतु विद्यापीठातील उपकरणे पदवीच्या विद्यार्थ्यांना नियमाने हाताळू देणे अशक्य नाही. ज्या कुटुंबाला मुलाच्या शिक्षणाचा खर्च एकदाच पेलतो, त्याला चुकीच्या निवडीनंतर दुसरी संधी नसते. निदान त्या एका संधीचे मोल शासनाने आणि विद्यापीठाने ओळखले पाहिजे.