नामधारी संचालक, नामानिराळे मालक

कंपनी बुडते तेव्हा भागधारकाची पुंजी बुडते, कामगाराचे थकलेले वेतन बुडते. ज्याने ती बुडवली त्याचा बंगला मात्र कोरडा राहतो. ही किमया बहुधा कायद्याच्याच आडोशाने साधते.

नव्वदच्या दशकात जनतेकडून भांडवल गोळा करून दोनशेहून अधिक कंपन्या अक्षरशः अदृश्य झाल्या. नोंदलेल्या पत्त्यावर ना कार्यालय, ना फलक. पुढे कायदा बदलला. युक्त्या मात्र जुन्याच राहिल्या. वाहनचालकाला, शिपायाला नाहीतर गावाकडच्या भाच्याला संचालक करायचे, कोऱ्या कागदांवर सह्या घ्यायच्या आणि आपण पडद्याआड राहायचे!

२०१७ साली केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून खोडली, तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. पाऊल स्वागतार्हच होते. पण अपात्रता कशाबद्दल? सलग तीन वर्षे वार्षिक विवरणपत्रे न भरल्याबद्दल. वेळेवर कागद भरणारा लबाड या चाळणीतून सहीसलामत सुटतो. आणि शिपाई अपात्र ठरला, तरी मालकाला दुसरा शिपाई मिळतोच.

ज्याच्या निर्देशांनुसार संचालक मंडळ वागते, त्यालाही कसूरदार मानण्याची तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. परंतु निर्देश तोंडी असतात आणि ते सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर! कंपनीचा पैसा मालकाच्या गोतावळ्यात वळलेला दिसला, की निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकावा. धनादेश न वटल्यास साध्या दुकानदाराविरुद्ध कायदा असे गृहीतक धरतोच ना?

मोठ्या कंपन्यांत शिपायाची जागा प्रतिष्ठित घेतात, एवढाच फरक. १६ डिसेंबर २००८ रोजी ‘सत्यम’च्या संचालक मंडळाने राजू कुटुंबाच्याच दोन कंपन्या विकत घेण्यास संमती दिली. स्वतंत्र म्हणवणाऱ्या नामवंत संचालकांनी तो व्यवहार अडवला नाही; तो हाणून पाडला संतप्त गुंतवणूकदारांनी. तीनच आठवड्यांत, ७ जानेवारी २००९ रोजी, रामलिंग राजूंनी हिशेबातील हजारो कोटींची बनवाबनवी कबूल केली.

प्रवर्तकाच्या मतांवर नेमला गेलेला संचालक प्रवर्तकाला जाब कसा विचारणार? २०२१ मध्ये सेबीने स्वतंत्र संचालकांच्या नियुक्तीला प्रवर्तकेतर भागधारकांच्या बहुमताची वेगळी अट सुचवली होती. प्रत्यक्षात विशेष ठरावावर भागवण्यात आले, आणि त्या ठरावावर प्रवर्तकही मत देतो. ती मूळ सूचना बासनातून बाहेर काढावी, हा आग्रह आता गुंतवणूकदारांच्या संघटनांनी धरायला हवा.