उमेदीलाही मगरिबची वेळ हवी

रोजा ठेवणारा माणूस दुपारी तहानेने कासावीस होतो, पण मोडत नाही. मगरिबची वेळ त्याला ठाऊक असते. मशिदीच्या भिंतीवर, किराणा दुकानाच्या दारात सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक लावलेले असते. सोसण्याला शेवट आहे हे कळले की सोसण्याचे बळ येते.

ज्या घरातल्या लेकराला कर्करोग होतो, त्या घराच्या भिंतीवर असे वेळापत्रक नसते.

दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातले, बीड-परळी रस्त्यावरचे गाव. अशा गावात एखाद्या मुलाचा ताप हटत नाही, चेहरा पांढरा पडतो, अंगावर निळे डाग उठतात. आधी गावातला डॉक्टर, मग माजलगाव, मग बीड किंवा अंबाजोगाई. तिथून पुढे बार्शी, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट मुंबईत परळचे टाटा रुग्णालय, म्हणजे चारशे किलोमीटरहून जास्त. या धावपळीत महिने जातात. निदानाचा कागद हातात पडेपर्यंत गावात बोलणे सुरू झालेले असते, ‘आता काही खरे नाही.’

हे बोलणे चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली जाते. आजार तोच असूनही हा फरक पडतो. उशिरा झालेले निदान, न मिळणारी औषधे आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार ही त्याची मोठी कारणे. म्हणूनच 2018 साली या संघटनेने 2030 पर्यंत जगभर किमान 60 टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले.

उपचार अर्ध्यावर का सुटतात, हे बीड जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. मुलांमध्ये नेहमी आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षे, कधी त्याहून जास्त चालतात. पहिल्या काही महिन्यांत ताप जातो, मूल खेळू लागते. नेमके तेव्हाच घर खचलेले असते. मुकादमाची उचल अंगावर असते, कोयता कारखान्यावर निघायची वेळ होते. आई दवाखान्यात अडकली तर जोडी मोडते, मजुरी बुडते. ‘पोरगं आता बरं दिसतंय’ असे म्हणून पुढची तारीख चुकते. आजार मात्र तारीख विसरत नाही. तो उलटला की आवरणे फार अवघड होते.

अशा वेळी आई-बापाला ‘धीर धरा’ एवढेच सांगणे सोपे आहे. पण सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. ठरलेल्या दिवशी मुलाला घेऊन गाडीत बसणे हाही सब्रच आहे. त्यासाठी डॉक्टरांकडून सगळा आराखडा लिहून घ्यावा. एकूण टप्पे किती, कोणता कधी संपेल, ताप आला तर किती तासांत कुठे पोहोचायचे, हे घरातल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवावे. संपलेला प्रत्येक टप्पा म्हणजे त्या घरचा एकेक इफ्तार.

मदतीच्या वाटाही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान डब्यात भाडे पडत नाही, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे 2006 पासून अशा मुलांना आई-बापासह विनामूल्य ठेवून घेतात. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारले की यातले बरेच कळते. पण विचारायचे असते, हेच पुष्कळांना माहीत नसते. गावातल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाने कागदपत्रांची ही धावपळ अंगावर घेतली तरी अर्धे ओझे उतरते.

राहिला प्रश्न पैशाचा. निदान झाल्याच्या आठवड्यात गाव हळहळते, वर्गणी जमते. सहाव्या महिन्यात कोणी विचारत नाही. जकातीच्या हक्कदारांत गरीब आहे, कर्जात बुडालेला आहे, वाटसरूही आहे. असे कुटुंब बहुधा या तिन्हींत बसते. रमजानात काढलेली रक्कम एकदाच हातावर न ठेवता दर महिन्याच्या भाड्याला पुरेल अशी बेतता येते. सदक्याला तर मुलाचे नाव आणि धर्म विचारण्याचीही गरज नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने रक्त द्यावे. भेटायला जाताना गर्दी करू नये, सर्दी-खोकला असेल तर दारातूनच परतावे. मूल बरे होऊन आले की त्याला शाळेत पुन्हा त्याच बाकावर बसू द्यावे. हा रोग शेजारी बसल्याने लागत नाही.

सगळीच मुले वाचतात असे नाही. उमेद ठेवली म्हणजे निकाल हातात आला, असेही नाही. काही घरांचा शेवटचा टप्पा रिकाम्या हातांनी संपतो. तरीही त्या आई-बापाला एक गोष्ट आयुष्यभर पुरते. पैशावाचून, सोबतीवाचून आपले लेकरू मध्येच सोडावे लागले नाही. निदान एवढे समाधान प्रत्येक घराला मिळावे, हे गावाच्या हातात आहे. यंदाच्या इफ्तारला दुआसाठी हात उठतील तेव्हा त्यात अशी लेकरे असावीत, आणि दुआ झाल्यावर तेच हात त्यांच्या मदतीलाही लागावेत.