आजीचं गोंदण आणि ‘एन्हान्स’चं बटण: फोटो एडिटिंगची रेषा नक्की कुठे?

मागच्या वर्षी माझी आजी गेली. फ्रेम करायला तिचा चांगला फोटो हवा होता आणि माझ्याकडे एकच होता: गावच्या घराच्या ओट्यावर, दिवेलागणीच्या वेळी काढलेला. उजेड कमी, म्हणून आयएसओ ६४०० वर नेलेला आणि त्यामुळे फोटोभर दाणे. घाईत मी तो एका ॲपमध्ये टाकला, ‘एन्हान्स’ दाबलं आणि काही सेकंदांत चेहरा लख्ख झाला. बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, हिच्या कपाळावरचं गोंदण कुठे गेलं? ही आई वाटतच नाही."

झूम करून बघितलं तर खरंच! गोंदणाचे हिरवट ठिपके ॲपने डाग समजून पुसले होते. सुरकुत्या होत्या, पण त्याही तिच्या नव्हत्या. कुठल्याही म्हाताऱ्या बाईच्या असाव्यात तशा होत्या.

मी दिवसभर कोड लिहितो, शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन फिरतो. तीन वर्षं एडिटिंग शिकतोय. तरी त्या दिवशी मला नीट सांगता येईना की मी नेहमी जे करतो ते आणि या ॲपने केलं ते, यात फरक काय? सध्या हाच प्रश्न कायद्यापर्यंत पोचलाय, म्हणून हा लेख.

नवे नियम काय म्हणतात?

केंद्र सरकारने १० फेब्रुवारी २०२६ रोजी आयटी नियमांत दुरुस्ती जाहीर केली. ती २० फेब्रुवारीपासून लागू झाली. थोडक्यात सांगायचं तर, खरा वाटेल असा पण कृत्रिमरीत्या बनवलेला किंवा बदललेला फोटो, व्हिडिओ, आवाज असेल तर त्यावर तसं लेबल हवं, आणि ही जबाबदारी मुख्यतः प्लॅटफॉर्मची. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात लेबलने चित्राची किमान १० टक्के जागा व्यापावी अशी अट होती. अंतिम नियमांत ती राहिली नाही.

आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी महत्त्वाचा भाग म्हणजे सूट. रंग दुरुस्त करणं, नॉइज कमी करणं, फाइल कॉम्प्रेस करणं असं नेहमीचं, प्रामाणिक हेतूने केलेलं एडिटिंग यातून वगळलंय. अट एकच: फोटोचा आशय आणि अर्थ बदलता कामा नये.

वाचायला सोपं आहे. पण माझं ॲपसुद्धा ‘नॉइज कमी करतो’ असंच म्हणत होतं ना?

‘एडिट न केलेला फोटो’ नसतोच

"मी फोटो एडिट करत नाही, जसा आला तसा ठेवतो," असं अनेक जण अभिमानाने सांगतात. तांत्रिकदृष्ट्या हे खरं नाही.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बायर फिल्टर असतो. त्यामुळे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो: निम्मे पिक्सेल हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून गणित करून भरले जातात. म्हणजे तुमच्या फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती मोजलेली नाही, काढलेली आहे. त्यावर कॅमेरा व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस लावतो आणि जेपेग तयार करतो. तुम्ही एडिट केलं नाही, तर तुमच्या वतीने कंपनीच्या इंजिनिअरने केलेलं असतं.

म्हणून एडिटिंग शिकायचं तर आधी रॉ फाइल समजून घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. मात्र या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्येच त्यातल्या निम्म्या जातात, अंधाऱ्या भागाच्या वाट्याला थोड्या येतात. म्हणून काळोख उचलला की दाणे दिसतात. उलट आकाश पूर्ण पांढरं होऊन गेलं असेल, तर सेन्सर तिथे भरून वाहिलाय. ती माहिती कुठल्याच स्लायडरने परत येत नाही. हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटलाय का, हे बघायची सवय आधी लावा, बाकी सगळं नंतर.

शिकायला पैसे लागतात असंही नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही मोफत आहेत. अशी सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाहीत. ‘एक्स्पोजर इतकं वाढव, इथून क्रॉप कर’ अशा सूचना वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड सुरक्षित आणि प्रत्येक बदलाचा हिशेब शिल्लक.

दोन बटणं शेजारी, कामं वेगळी

स्लायडर सरकवता तेव्हा सॉफ्टवेअर सेन्सरने मोजलेल्या आकड्यांवरच गणित करतं. एआयचं रिमूव्ह किंवा फिल बटण दाबता तेव्हा ते हजारो-लाखो इतर फोटोंवरून शिकलेला अंदाज तुमच्या फोटोत भरतं. एकात तुमचा पुरावा नीट दिसायला लागतो, दुसऱ्यात पुराव्याच्या जागी शक्यता येते. आजीच्या बाबतीत नेमकं हेच झालं: दाण्यांमुळे माहिती कमी होती, आणि मॉडेलच्या ओळखीच्या चेहऱ्यांवर बहुधा गोंदण नव्हतं.

गंमत अशी की पॅनेलमध्ये ही दोन्ही बटणं शेजारी असतात, आणि नाव बघून फरक कळत नाही.

मग ‘एआय वापरलं तर लेबल’ असा सरळ नियम का नको? मेटाने तो करून बघितला. २०२४ मध्ये त्यांनी ‘मेड विथ एआय’ लेबल आणलं. फाइलच्या मेटाडेटातल्या खुणा वाचून ते लागायचं. एखादा बारीक ठिपका एआय टूलने पुसला, तरी खरा फोटो ‘एआयने बनवलेला’ ठरू लागला. फोटोग्राफर वैतागले, आणि जुलै २०२४ मध्ये ते नाव बदलून ‘एआय इन्फो’ करावं लागलं.

उलट उदाहरणही त्याच वर्षीचं. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने प्रिन्सेस ऑफ वेल्स केट आणि मुलांचा फोटो प्रसिद्ध केला. मुलीच्या बाहीच्या कडेपाशी जोड जुळत नव्हता. एपी, रॉयटर्स, एएफपी या वृत्तसंस्थांनी फोटो मागे घेतला. दुसऱ्या दिवशी केट यांनी माफी मागितली: अनेक हौशी फोटोग्राफरप्रमाणे आपणही अधूनमधून एडिटिंग करून बघतो, असं त्या म्हणाल्या. बाहीचा जोड चुकवायला एआय लागत नाही. तो साध्या कट-पेस्टनेही चुकतो.

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. मशीन ‘कुठलं टूल वापरलं’ ते तपासतं, कायदा ‘अर्थ बदलला का’ असं विचारतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं मिळतंच असं नाही.

फोटोला जन्मदाखला देण्याचाही प्रयत्न सुरू आहे. सीटूपीए नावाच्या मानकानुसार कॅमेराच फाइलवर डिजिटल सही करतो. ऑक्टोबर २०२३ मधला लायका एम११-पी हा असा पहिला कॅमेरा. कल्पना चांगली आहे, पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की मेटाडेटा गळून पडतो. आणि आपल्याकडे फोटो फिरतात कुठे? फॅमिली ग्रुपवरच! दाखला घरी राहतो, फोटो गावभर फिरतो.

मी आता काय करतो

एक, रॉ फाइल कधीच डिलीट करत नाही. कुणी शंका घेतली तर माझ्याकडचा पुरावा तोच.

दोन, प्रत्येक बदलानंतर विचारतो: त्या वेळी तिथे उभा असलेला माणूस हा फोटो बघून ‘हो, असंच होतं’ म्हणेल का? उजेड वाढवला, चालेल. क्रॉप केलं, बहुतेक वेळा चालेल, पण क्रॉपमधून एखादा माणूस मुद्दाम बाहेर गेला तर नाही.

तीन, चेहऱ्यावर एआय वापरायचं नाही. अगदीच वापरलं तर १०० टक्के झूमवर मूळ फोटो शेजारी ठेवून तपासायचं, आणि त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी दाखवायचं.

चार, वस्तू काढली किंवा घातली असेल तर पोस्ट करताना तसं एका ओळीत लिहायचं.

आमच्या घरच्या भिंतीवरच्या फोटोला अर्थातच कुठलाही आयटी नियम लागू होत नाही. तिथे फोटो खरा आहे की नाही, ते बाबांनी ठरवलं.

त्या रात्री मी आजीची रॉ फाइल परत उघडली. एक्स्पोजर थोडं वाढवलं, व्हाइट बॅलन्स कंदिलाच्या पिवळेपणापासून किंचित मागे आणला, रंगाचे दाणे कमी केले आणि उजेडाचे तसेच ठेवले. अर्धा तास लागला. फोटो लख्ख नाही, जवळ गेलं की दाणे दिसतात. पण कपाळावरचे ठिपके जागच्या जागी आहेत. बाबांनी बघितला आणि एवढंच म्हणाले, "हा लाव."