ओलं वजन, कोरडं वजन

लातूरच्या मार्केट यार्डात आडतीच्या गादीवर पांढरी चादर असते. त्या चादरीवर चाळीस वर्षं मांडी घालून बसलेला माणूस एक दिवस दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागला, की दुकानातली पोरं समजतात, काकांचे गुडघे गेले. माझ्या ओळखीच्या या काकांचे गुडघे ठणठणीत होते. धास्ती होती ती चादरीवर डाग पडण्याची. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला, लघवी मात्र थांबेना. खोकलं की थेंब, उठलं की थेंब. धोतर सुटलं, गडद पँट आली. मग लग्नकार्यं सुटली, कीर्तन सुटलं. पंच्याहत्तरी झाली आणि एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हा म्हणाले, "तिकीट माफ झालं सर, पण शेजारी बसणाऱ्याला काय सांगू?"

पाणी पिणंही त्यांनी कमी केलं होतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळं लातूर मोजून पाणी पीत होतं. आता हौद भरलेला असताना हा एक माणूस मोजून पीत होता. त्यानं गळती थांबत नाही. लघवी दाट होते, पिशवीला चुरचुरते आणि घाई वाढते.

पुरुषाची लघवी गळते म्हणजे नेमकं काय बिघडलंय, हे आपल्याकडे फार कमी वेळा विचारलं जातं. 'वय झालं' म्हणून डायपरचा पुडा हातात दिला जातो. लातूरकराला हे टाकीच्या भाषेत चटकन कळेल. एका घरात टाकी तुडुंब भरून वरून वाहते. दुसऱ्या घरात टाकी बरी आहे, पण कॉक सैल झालाय. जमिनीवरचं पाणी दोन्हीकडे सारखंच. पहिल्या माणसाचा प्रोस्टेट वाढलेला असतो, लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, तुंबलेली थेंब थेंब सांडते. त्याला दुर्बिणीचं ऑपरेशन करून वाट मोकळी करून द्यायची असते. त्याला नुसतं डायपर लावून बसवलं तर आतल्या आत किडन्यांवर ताण येत राहतो. दुसऱ्याची वाट मोकळीच आहे, त्याला आवळायचं असतं. म्हणजे दोघांचे इलाज एकमेकांच्या उलट. एक साधी सोनोग्राफी, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली ते बघणारी, पुष्कळ काही सांगून जाते. तिसरा प्रकार टाकीच मधूनमधून आखडण्याचा. त्याला आधी गोळ्या, नाही जमलं तर दुर्बिणीतून पिशवीत बोटॉक्सची इंजेक्शनं. त्यांचा असर काही महिन्यांनी ओसरतो, पुन्हा घ्यावी लागतात.

काका दुसऱ्या घरातले. कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढला की सुरुवातीला पुष्कळांची लघवी गळते आणि बहुतेकांची वर्षभरात सुधारते. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम नेटानं केले तर लवकर. काकांना हे कोणी सांगितलंच नव्हतं, ऑपरेशनच्या आधीही नाही अन् नंतरही नाही. सही मात्र घेतली होती. माझा खरा राग त्या सहीवर आहे. "सांगितलं असतं तर तयारीनं गेलो असतो की," एवढंच काका म्हणाले.

शेवटी काका हैदराबादच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलं काम दिलं ते वजन करायचं. चोवीस तासांतली वापरलेली पॅडं साठवायची, ओलं वजन घ्यायचं, कोरडं वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. जन्मभर तुरीची न् सोयाबीनची कट्टी मोजलेला माणूस. स्वयंपाकघरातला काटा खोलीत नेऊन, दार लावून तीन दिवस नोंदी केल्या. आकडा रोज सहाशेच्या वर.

त्या आकड्यावर पुढचं बरंच ठरतं. गळती थोडी ते मध्यम असेल तर जाळीची पट्टी: मूत्रनलिकेला खालून आधार देणारी, आत बसवली की हात लावायची गरज नसलेली. पण गळती जास्त असेल किंवा कॅन्सरसाठी किरणांचे शेक दिलेले असतील तर पट्टीचा भरवसा कमी. तिथं कृत्रिम झडप लागते. बहात्तरच्या दुष्काळात आपली माणसं खडी फोडत होती, त्याच 1972 साली अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रँटली स्कॉट या सर्जननं ती पहिल्यांदा माणसात बसवली. आजची झडप तिचीच सुधारलेली लेक. बीपीच्या यंत्रासारखा एक छोटा पट्टा मूत्रनलिकेभोवती, पोटात द्रवाचा एक फुगा, अंडकोशाच्या पिशवीत बोटभर पंप. लघवीला जायचं तेव्हा पंप दाबायचा; पट्ट्यातला द्रव फुग्यात जातो, वाट उघडते, दोन-तीन मिनिटांत आपोआप मिटते. जखम भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, यंत्र चालू करत नाहीत.

फुकट काही नाही. खर्च लाखांत. जंतुसंसर्ग झाला तर सगळं काढावं लागतं. पट्टा वर्षानुवर्षं एकाच जागी दाबत असतो, तिथली नळी झिजू शकते. यंत्र बिघडून पुन्हा ऑपरेशनची पाळीही पुष्कळांवर येते. बोटं थरथरत असतील तर पंप दाबता येत नाही. म्हणून डॉक्टरला विचारावं, 'अशी किती बसवलीत?' राग आला तर येऊ द्यावा.

माझ्या मते खरा धोका आपल्या गावाजवळच आहे. झडप बसवलेला माणूस उद्या तापानं फणफणून तालुक्याच्या दवाखान्यात आला आणि कोणी सवयीनं लघवीची नळी सरकवली, तर आवळलेल्या पट्ट्यातून ती मूत्रनलिका फाडू शकते. आधी झडप उघडून त्याच उघड्या अवस्थेत अडकवून ठेवावी लागते, मग नळी, तीही बारीक. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. ही महागडी यंत्रं उद्याच तिथं बसवा, असा माझा हट्ट नाही. पण तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या, नर्सच्या तोंडी एक प्रश्न बसावा: 'आत काही बसवलंय का?'

हैदराबादला झडप बसवून आलेल्या काकांनी तेवढी वाट पाहिली नाही. पोराकडून जाड मराठी अक्षरात एक चिठ्ठी छापून घेतली, 'माझ्या आत यंत्र आहे, विचारल्याशिवाय नळी टाकू नका', खाली हैदराबादच्या डॉक्टरांचा नंबर. ती एसटीच्या कार्डासोबत एकाच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलीय. परवा अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टरनं कार्ड मागितलं तर आधी चिठ्ठीच हातात गेली. त्यानं ती सगळी वाचली आणि म्हणाला, "बसा काका, खिडकीला बसा."