रामटंका घ्या, पण तोलून घ्या

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी मंडळींना एक कळकळीचं सांगणं आहे. चिकपेट किंवा अव्हेन्यू रोडवर चांदीची जुनी टोकनं घेत असाल, तर ती तोलून घ्या. विक्रेत्याने सांगितलेल्या वयाला भुलू नका.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो रामटंका. एका बाजूला रामदरबार, दुसरीकडे धनुर्धारी राम-लक्ष्मण. हे चलनी नाणं कधीच नव्हतं. भाविकांनी श्रद्धेने घ्यावं, पूजेत ठेवावं, असं ते देवाचं टोकन. कित्येकांवर ५१७४० हा आकडा असतो. त्यातल्या १७४०ला साल समजून 'तीनशे वर्षांचं जुनं' म्हणत ते गळ्यात मारलं जातं. प्रत्यक्षात असे बरेचसे तुकडे अलीकडचे असतात आणि कित्येक तर नुसत्या पितळेचे. 'चांदीची शिवराई' दाखवली, तरी सावध व्हा. शिवाजी महाराजांची शिवराई तांब्याची आणि होन सोन्याचा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येणारी कॅसिनोची टोकनंही नीट पारखून घ्या. १९९०च्या दशकात नेवाडातल्या स्लॉट मशिनमधून दहा डॉलरची टोकनं निघत. मधली चकती शुद्ध चांदीची, कडं मात्र पितळेचं. म्हणून सगळं वजन चांदीच्या भावाने धरू नका. पुढे काहींवर नुसता चांदीचा मुलामा आला.

पारख घरीच करता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्या. आधी टोकन तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. टोकन दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. पेल्याच्या तळाला, कडेला लागू देऊ नका. आता दिसेल त्या आकड्याने मूळ वजनाला भागा. शुद्ध चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या आसपास येतं, पितळ असेल तर साडेआठच्या. म्हणजे २० ग्रॅमच्या चांदीच्या टोकनाला काटा साधारण १.९ दाखवेल; २.३५च्या आसपास दाखवला, तर चांदीचा भाव देऊ नका. कड्याच्या टोकनाला ही कसोटी लागू पडत नाही, कारण त्यात दोन धातू असतात.

काळवंडलेलं टोकन चिंचेने किंवा टूथपेस्टने घासू नका. त्याने नक्षी झिजते आणि संग्राहक कमी पैसे देतात. पावतीवर वजन आणि शुद्धता लिहून घ्या. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती परदेशातल्या मुलांकडे परस्पर पाठवू नका.

चांदीच्या भावावर योग्य ती मजुरी जरूर द्या. जुनेपणाचे जास्तीचे पैसे मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका. बंगळुरूत नाणी-संग्राहकांची प्रदर्शनं भरतात, तिथे टोकन घेऊन जा आणि मोकळेपणाने विचारा. विकणारा तेवढं थांबायला तयार नसेल, तर तो सौदा सोडून द्या.